क्रोशाची जाळी

भाद्रपदांत वऱ्हाडांतील घरोघरीं महालक्ष्म्या बसतात. वाशीमच्या जुन्या वस्तींतील एखाद्या घराच्या ओसरीवर उभें राहिलें, तर आंत समयांचा उजेड, मखरावर टांगलेला फुलोरा आणि दर्शनाला येणाऱ्या बायकांची वर्दळ दिसते. त्या गर्दींत सहसा कोणाचें लक्ष न जाणारी एक वस्तु असते. मखराच्या कडेला, नैवेद्याच्या ताटावर किंवा आसनाच्या कांठाला पांढऱ्या सुती दोऱ्याची विणलेली जाळी असते. एखाद्या पाहुणीची नजर तिच्यावर पडते. ती जाळी बोटांनीं चाचपून ती म्हणते, "छान आहे हो! केवढा मोकळा वेळ असतो तुम्हांला!" घरची बाई नुसती हंसते आणि हळदीकुंकवाची कोयरी पुढें करते.

त्या वाक्यांत कौतुक थोडें आणि अन्याय फार आहे. जाळी होण्यास वेळ लागतो, हें खरें. पण नुसता वेळ हाताशीं असल्यानें जाळी होत नाहीं. तीस बोटांचें वळण लागतें, डोळा लागतो आणि हिशेबही लागतो. तो हात कसा तयार होतो, आणि तयार झालेल्या हाताचें मोल जग कसें करतें, या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेंतला. त्या भाषेंत त्याचा अर्थ लहानसा आंकडा. नांवांतच सगळें हत्यार आलें: टोंकाशीं आंकडा असलेली वीतभराहून लहान अशी एक सुई, आणि एक दोरा. मागावर कापड विणावयाचें तर ताणा आणि बाणा असे दोन प्रकारचे दोरे लागतात. दोन सुयांवर लोकरीचें विणकाम करतांना एका सुईवर पन्नास-शंभर टांके एकाच वेळीं उघडे असतात. त्यांतला एक निसटला कीं सारी ओळ धोक्यांत येते. क्रोशांत मात्र सुईवर काम संपतां संपतां एकच फांस उरतो. मागचा प्रत्येक टांका पुरा होऊन बंद झालेला असतो. म्हणून हें काम शेगडीवर दूध ठेवून करितां येतें, मध्येंच खालीं ठेवितां येतें, आणि चुकलें तर दोऱ्याचें टोंक ओढून हवें तितकें उसवितां येतें. उसविलेला दोरा वायां जात नाहीं. चूक इतकी स्वस्त असलेली विद्या नवशिक्याला फार थोड्या ठिकाणीं मिळते.

ही कला फार प्राचीन आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षांत तिचे छापील पाठ १८२३ च्या सुमारास हॉलंडमधील एका मासिकांत प्रथम दिसूं लागले, आणि १८४० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडांत तिचीं पुस्तकें निघालीं. महाराष्ट्रांत ती मिशनच्या शाळा, मुलींच्या शाळांतील शिवणाचे तास आणि स्त्रियांच्या संस्था यांच्या वाटेनें पसरली. १९०९ साली पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थेनें शिवण व हस्तव्यवसाय यांस शिक्षणांत मानाची जागा दिली. शाळेंतून ही सुई माजघरांत आली, आणि माजघरांतून लग्नाच्या रुखवतांत जाऊन बसली. ताटावरचे रुमाल, दारावरचीं तोरणें, पाण्याच्या तांब्यावरचीं मणी लावलेलीं झांकणें हीं नववधूच्या हाताचीं प्रशस्तिपत्रें ठरलीं.

वाशीम जिल्ह्याला दोऱ्याची गोष्ट परकी नाहीं. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. पण त्यांतील कारंजें हें गांव कापसाच्या इतिहासांत त्यापूर्वीच नोंदलें गेलें होतें. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें १८८६ साली तेथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि देशांतील अशा बाजारांत तो पहिला समजला जातो. वऱ्हाडचा त्या काळचा कापूस आखूड धाग्याचा. जाळीच्या बारीक व चिवट दोऱ्यास लांब धाग्याचा कापूस लागतो. त्यामुळें ज्या मुलखांतून कापसाच्या गाठी गाड्या भरभरून बाहेर जात, त्याच मुलखांतील बायका जाळीसाठीं परठिकाणच्या दोऱ्याचा गुंडा दुकानांतून विकत आणीत. आज जिल्ह्याच्या शेतांत सोयाबीन पुष्कळ दिसतें, तरी दोऱ्याचा गुंडा अजून दुकानांतूनच येतो.

हा दोरा घेतांना त्यावरील अंक पाहावा. अंक जितका मोठा तितका दोरा बारीक. साठ नंबरचा दोरा पाहून मन लोभावतें. पण शिकणारीनें दहा किंवा वीस नंबरच्या दोऱ्यापासून सुरवात करावी. दहा नंबरास सुमारे दीड मिलिमीटर जाडीची आणि वीस नंबरास सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई जुळते. दोरा चकचकीत दिसतो, यामागेंही एक शोध आहे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञानें १८५० साली दाहक सोड्याच्या द्रावणांत सूत भिजविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो यानें तें सूत भिजतांना ताणून धरलें, तेव्हां त्यास रेशमासारखी चकाकी आली. मर्सरच्या नांवावरून अशा सुतास मर्सराइज्ड म्हणतात. पहिल्या धड्यास दोरा पांढरा किंवा फिका असावा. काळ्या दोऱ्यांत टांका दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं तें मोजतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. सुई उजव्या हातांत लेखणीसारखी धरावी. गुंड्यापासून येणाऱ्या दोऱ्याचा एक वेढा डाव्या करंगळीला द्यावा, दोरा तर्जनीवरून न्यावा, आणि विणलेला भाग आंगठा व मधलें बोट यांत धरावा. दोरा घट्ट कीं सैल हें ठरविणारा हात डावा आहे. उजवा हात नुसता ओढतो. सरकगांठ मारून फांस सुईवर घ्यावा, आंकड्यांत दोरा धरून तो फांसांतून ओढावा, म्हणजे एक साखळी झाली. पहिले दोन दिवस नुसत्या साखळ्याच विणाव्या. सर्व साखळ्या सारख्या लांबीच्या येऊं लागल्या कीं पुढचें पाऊल टाकावें.

दुसरा टांका खांबाचा. दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यावा, सुई खालच्या साखळींत घालावी, आणि दोरा धरून वर ओढावा. सुईवर आतां तीन फांस दिसतील. पुन्हां दोरा धरून दोन फांसांतून ओढावा. आणखी एकदां दोरा धरून उरलेल्या दोहोंतून ओढावा. खांब उभा राहिला. सुरवातीचा वेढा न घेतां दोरा वर ओढला आणि सुईवरील दोन्ही फांसांतून एकदमच काढला, तर ठेंगणा टांका होतो. त्यास मुका खांब म्हणतात, आणि तो कांठ बांधण्यास उपयोगी पडतो. येथें एक सावधगिरी सांगणें जरूर आहे. खांबास इंग्रजांच्या पुस्तकांत जें नांव आहे, तें अमेरिकनांच्या पुस्तकांत दुसऱ्याच, याहून उंच टांक्याला दिलेलें असतें. आज पुष्कळ मुली मोबाइलच्या पडद्यावर पाहून शिकतात. एका देशाचा नमुना दुसऱ्या देशाच्या नांवांनीं वाचला, तर सगळी जाळी भलत्याच मापाची होते. म्हणून नांव ऐकून न थांबतां दोरा किती वेळां ओढला, हें पाहावें.

साखळी आणि खांब एवढ्यावर साधी जाळी उभी राहते. खांब म्हणजे भिंत, दोन साखळ्या म्हणजे छप्पर, आणि मधलें रिकामें चौकोनी भोंक म्हणजे घर. दहा घरांची पट्टी विणावयाची असेल, तर पस्तीस साखळ्या घालाव्या आणि सुईपासून मोजून आठव्या साखळींत पहिला खांब घालावा. पहिलें घर झालें. मग दोन साखळ्या विणून खालच्या दोन सोडाव्या आणि तिसरींत खांब घालावा. असें आणखी नऊ वेळां केलें कीं साखळी संपते आणि दहा घरें होतात. आठ आणि नऊ त्रिक सत्तावीस मिळून पस्तीस, हा त्यांतला हिशेब. पुढच्या ओळीस काम उलटें फिरवावें आणि पांच साखळ्या घालाव्या. त्यांतल्या तीन भिंतीच्या, दोन छपराच्या. पुढचा खांब खालच्या ओळींतील दुसऱ्या भिंतीच्या डोक्यावर यावा. याच रीतीनें ओळीच्या शेवटापर्यंत जावें.

पायाची साखळी नेहमीं घट्ट येते आणि पट्टीची खालची कड आंवळून धनुष्यासारखी वांकते. तेवढी साखळी जरा जाड सुईनें विणली म्हणजे तो दोष जातो. पण नवशिक्या हाताची मोठी चूक निराळीच असते, आणि ती दाखविण्यास एक घर डोळ्यांसमोर आणावें.

उन्हाळ्याच्या सुटींतली दुपार आहे. वाशीमच्या एका घरीं बारा वर्षांची मुलगी आत्याजवळ बसून पट्टी विणीत आहे. तिचा हात आतां बरा चालतो, टांके सारखे येतात. पण पट्टी मात्र वर वर निमुळती होत चालली आहे. ती रडकुंडीला येऊन विचारते, "आत्या, माझें सगळें बरोबर आहे, तरी हें देवळाच्या शिखरासारखें कां होतें?"

आत्या काम हातांत घेत नाहीं. ती म्हणते, "पोरी, दहा घरांच्या चाळीला भिंती किती?"

"दहा."

"बोटानें मोज बरें."

मुलगी मोजते. दोन घरांमधली भिंत सामाईक असते. पण शेवटच्या घराला बाहेरची एक भिंत लागतेच. दहा घरांना अकरा भिंती. ओळ फिरवितांना घातलेल्या पांच साखळ्यांपैकीं तीन ही देखील एक भिंत असते. ती खांबासारखी दिसत नाहीं, म्हणून परत येतांना मुलगी तिला विसरते. पांच साखळ्यांतल्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या साखळींत शेवटचा खांब पडला पाहिजे होता. तो न पडल्यामुळें दुसऱ्या ओळींत नऊ घरें झालीं, तिसरींत आठ. याच चालीनें दहाव्या ओळींत एकच घर उरलें असतें. प्रत्येक ओळींत चूक एकाच खांबाची होती. आणि पट्टीचा त्रिकोण मात्र पुरा झाला असता.

"मग आतां?" मुलगी विचारते.

"आतां उसव. पहिल्या ओळीपर्यंत."

दोन दिवसांचें काम दोन मिनिटांत सुटतें. दोरा कुरळा होऊन मांडीवर पडतो. मुलीचे डोळे भरून येतात. पण ती पुन्हां पांच साखळ्या घालते, आणि या वेळीं ओळीच्या शेवटीं थांबून भिंती मोजते. अकरा. त्या दिवसापासून तिच्या हाताला मोजण्याची संवय लागते. पाटीवर शंभर उदाहरणें सोडवून जी गोष्ट कधीं कधीं अंगवळणी पडत नाहीं, ती अशा एका पट्टीनें पडते.

मोकळीं घरें साधलीं कीं भरलेलीं घरें शिकावीं. छपराच्या दोन साखळ्यांऐवजीं त्या जागीं दोन खांब घातले, म्हणजे घर भरलें. लागोपाठ कितीही घरें भरावयाचीं असोत, घरांच्या संख्येची तिप्पट अधिक एक इतके खांब लागतात: एका घराला चार, दोहोंना सात, दहांना एकतीस. मोकळ्या आणि भरलेल्या घरांनीं चित्र उठतें. गणिताच्या चौकटींच्या वहींत कांहीं घरें पेन्सिलीनें काळीं करावीं. कमळ, मोर, तुळशीवृंदावन हवें तें काढतां येतें. काम दर ओळीस फिरतें, म्हणून नकाशाची पहिली ओळ उजवीकडून वाचावी आणि दुसरी डावीकडून. कमळाला याची फारशी फिकीर नसते, कारण तें दोन्ही बाजूंनीं सारखें. पण तोरणावर "सुस्वागतम्" विणणारी ही गोष्ट विसरली, तर अक्षरांची खिचडी होते. बाकी आपली देवनागरी लिपि या कामास मोठी सोयीची आहे. शिरोरेखा म्हणजे भरलेल्या घरांची एक सरळ ओळ, आणि तिच्याखालीं अक्षरें सुखानें लोंबतात.

विणून झालेली जाळी लगेच सुंदर दिसेल, अशी अपेक्षा धरूं नये. ती चुरगळलेली आणि वेडीवांकडी असते. ती साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावी, भाताच्या पातळ पेजेंत बुडवावी, आणि पाटावर जाड कापड अंथरून न गंजणाऱ्या टांचण्यांनीं चारी कोपरे व कडा ताणून बसवावी. सुकल्यावर टांचण्या काढल्या, म्हणजे प्रत्येक घर चौकोनी दिसतें.

आतां दुसरा प्रश्न. या हाताचें मोल काय? इतिहासानें त्याचीं दोन उत्तरें दिलीं आहेत. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि जवळ जवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्या दिवसांत मठांतील जोगिणींनीं आणि कांहीं गृहिणींनीं गरीब बायकामुलींना क्रोशा शिकविला. क्लोन्स या गांवीं कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीनें १८४७ साली असें काम सुरू केलें. व्हेनिसची जाळी सुईनें करण्यास जितका काळ लागे, त्याहून पुष्कळ कमी काळांत तिचें रूप क्रोशानें उतरूं लागलें, आणि त्या विक्रीवर उपाशी घरांच्या चुली पेटल्या.

दुसरें उत्तर आपल्या शेजारचें आहे. आंध्रांतील गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूरच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनीं हीच कला नेली. तेथील बायकांनीं विणलेली जाळी परदेशीं जाऊं लागली, व्यापारी मोठे झाले. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथील बायकांमध्यें राहून अभ्यास केला आणि १८८२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८२ साली, तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तिला असें आढळलें कीं दिवसाचे कितीक तास खपणाऱ्या या बायकांची कमाई शेतांत मजुरी करणाऱ्या बाईहूनही कमी होती. याचें कारण मोठें उद्बोधक आहे. त्यांच्या कामास कोणी काम म्हणतच नव्हतें. घरांत बसून फावल्या वेळीं केलेली ती गंमत ठरत होती. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा जाळीस भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. पण नांव गांवाला मिळालें, तरी दाम बोटांना मिळाले पाहिजेत.

वाशीमच्या त्या घरीं पुन्हां यावें. शेजारच्या वहिनी एके दिवशीं आत्याकडे येतात. त्यांना रुखवतासाठीं ताटावरचा रुमाल हवा आहे. साठ घरें लांब, साठ घरें रुंद. त्या म्हणतात, "दोरा मी आणून देतें, ताई. तुम्हांला काय, वेळ असतोच."

आत्या रागावत नाहीं. ती भाचीला वही आणावयास सांगते. एका घराला एक खांब आणि दोन साखळ्या. खांबास सुईनें चार वेळां दोरा धरावा लागतो, साखळ्यांस दोन वेळां, एकूण सहा. साठ गुणिले साठ म्हणजे ३,६०० घरें. सहानें गुणलें तर २१,६०० वेळां दोरा धरावयाचा. कसलेला हात मिनिटाला सहा घरें विणतो असें धरलें, तरी सहाशें मिनिटें, म्हणजे सरळ दहा तास होतात. शिवाय उसवणें, धुणें आणि ताणून बसविणें निराळें. मुलगी हिशेब मांडते आणि वही काकूंच्या पुढें ठेवते.

वहिनी वही वाचतात. त्या दिवशीं त्या कांहीं बोलत नाहींत. चार दिवसांनीं त्यांचा निरोप येतो: दोऱ्याखेरीज दहा तासांची मजुरी त्या देतील, आणि आपल्या मुलीलाही त्या सुई घेऊन शिकावयास पाठवीत आहेत.

बाजारांत आज "क्रोशा" या नांवानें स्वस्त कापड पुष्कळ मिळतें. त्यांतलें बहुतेक यंत्रावरच्या निराळ्याच विणीचें, क्रोशासारखें दिसणारें असतें. खऱ्या क्रोशाचा टांका आजही हातच घालतो. म्हणून ही जाळी कोठें विकावयास दिसली, आणि तिची किंमत फार कमी वाटली, तर ती कमी किंमत कोणाच्या तरी बोटांनीं भरलेली असते, एवढें ध्यानांत ठेवावें.

आणि जिला शिकावयाचें आहे, तिनें आज एक गुंडा व एक सुई आणावी, पस्तीस साखळ्या घालाव्या, आणि दहा घरांच्या दहा ओळी विणाव्या. पहिली पट्टी बहुधा वांकडी होईल. ती फेंकून न देतां जपून ठेवावी. पुढें महालक्ष्म्यांच्या मखराला स्वतःची जाळी लागेल, तेव्हां ती जुनी पट्टी काढून आपला हात कोठून कोठें आला, हें पाहावें. आणि कोणी मोकळ्या वेळाचें कौतुक केलें, तर हंसून, पण स्पष्टपणें, अकरा भिंतींचा हिशेब सांगावा.